साखरता व आरोग्य वर्ग

"तुमच्या अर्जात व्यायाम कुठंय?"

कचेरीतल्या बाबूनं मान वर न करता हा प्रश्न विचारला आणि राजशेखरअप्पा हालगे यांच्या उजव्या कानाची पाळी लाल झाली. ही पाळी म्हणजे अप्पांच्या रागाचं मीटर. घरात महेश्वरीबाई आधी पाळी बघायच्या आणि मगच नळ येऊन गेल्याची बातमी द्यायच्या.

अर्ज अगदी साधा होता. मोंढ्यामागच्या वस्तीत शाळा सुटलेली पंधराएक तरणी पोरंपोरी आहेत. कुणी हमाली करतं, कुणी गॅरेजात असतं, कुणी चार घरची धुणीभांडी करतं. त्यांना संध्याकाळी सहा ते आठ लिहायला-वाचायला शिकवायचं आहे, म्हणून वस्तीतलं बंद सभागृह उघडून द्यावं. एवढंच. ना अनुदान मागितलं होतं, ना मानधन. पण फुकट काम करू म्हणणाऱ्या माणसाकडं आपल्याकडं चोराकडं बघावं तसं बघतात. बाबूनं तसंच बघितलं, एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि त्यावरची धूळ अप्पांच्या दिशेनं झटकली.

"हे सभागृह न्हाई. व्यायामशाळा हाय."

"अहो, आत एक डंबेल नाही."

"रजिस्टरला व्यायामशाळा हाय."

"छपराला भोक आहे. खाली बालाजीभाऊंचे जुने बॅनर पडलेत. उंदीर झालेत."

"ते रजिस्टरला न्हाई."

आता या माणसाशी काय बोलणार? अप्पा स्वतः एकतीस वर्षं दस्तनोंदणीच्या टेबलामागं बसलेले. रजिस्टरला जे नाही ते जगात नाही, हे त्यांनीही हजारो लोकांना याच आवाजात सांगितलेलं होतं. पण टेबलाच्या त्या बाजूनं ते इतकं मूर्खपणाचं वाटत नव्हतं. शेवटी बाबूलाच दया आली. त्यानं स्वतःच्या पेनानं अर्जात दोन शब्द घुसडले.

"साक्षरता व आरोग्य, असं करा. रोज जरा हातपाय हलवा आन् हजेरीत लिहा. तीन महिने तात्पुरती चावी देतो. तेवढ्यात रीतसर उद्घाटन करा. फोटोत गर्दी दिसली पायजे, बॅनर दिसला पायजे, मग कायम करू. न्हाई तर चावी वापस."

अशा रीतीनं जिल्ह्यातला पहिला घाम गाळणारा साक्षरता वर्ग सुरू झाला. 'क'ला उठायचं, 'ख'ला बसायचं, 'ग'ला उठायचं. ज्ञपर्यंत पोचेस्तोवर दिवसभर पोती उचलून आलेल्या पोरांच्या मांड्या भरून यायच्या आणि पाटीवरची अक्षरं थरथरीत निघायची. हजेरीपटावर मात्र 'व्यायाम: समाधानकारक' असं लिहिलं जायचं. ते लिहिताना अप्पांना रोज नव्यानं संताप यायचा आणि रोज ते सुवाच्य अक्षरात लिहायचे.

सुवाच्य हा शब्द अप्पांचा. अक्षराचा त्यांना भारी अभिमान. एका वेलांटीनं शेताचा बांध सरकतो, असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या नजरेखालून चुकीचं अक्षर गेल्याचं कुणी सांगावं. निवृत्त झाल्यावर दस्त मिळेनात, तेव्हा त्यांनी महेश्वरीबाईंच्या किराणा यादीत लाल पेनानं चुका काढायला सुरुवात केली. 'हिंग'वरचा अनुस्वार, 'जिरे'ची वेलांटी. पंधरा दिवस बाईंनी सोसलं. सोळाव्या दिवशी त्यांनी यादी परत घेतली आणि म्हणाल्या, "आवो, गावात इतकी लोकं अंगठे लावायलेत, त्यायला शिकवा जाऊन. माझं जिरं हाय तसं राहू द्या." समाजसेवेचा उगम हा असा आहे. त्याहून मोठं काही कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

वर्गात सगळ्यांच्या आधी यायची ती संघप्रिया खिल्लारे. एकोणीस वर्षांची, डाळमिलमध्ये डाळ निवडायची, सहावीतून सुटली ती सुटलीच. थोडीफार अक्षरं आठवत होती, तीही पुसट. पहिल्या दिवशी अप्पांनी प्रत्येकाला विचारलं, का शिकायचं? कुणी म्हणालं लायसन काढायला, कुणी म्हणालं मोबाईलसाठी. संघप्रियानं ओढणीच्या टोकाला बांधलेली गोळ्यांची पट्टी सोडली आणि पुढं धरली.

"हे वाचायचंय, सर."

तिची आई सरजाबाई मोंढ्यात धान्य चाळायची. तिला साखर होती आणि रक्तदाबही. पांढरी गोळी दोन वेळा, पिवळी एकदा, असं संघप्रियानं पाठ केलेलं. दिवाळीच्या सुमारास दुकानात दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या आल्या आणि रंगांची अदलाबदल झाली. संघप्रिया रंग बघून देत राहिली. आठव्या दिवशी सरजाबाई चाळण हातात घेऊनच आडवी झाली. दवाखान्यात डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले, वाचता येत नाही का? येत नव्हतं.

"मायला मीच पाडलं," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. तिच्या आवाजात राग होता, आणि तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. अप्पांना राग ही गोष्ट चांगली कळायची. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की चावी परत द्यायची नाही. मग त्यासाठी उद्घाटनात हत्ती नाचवावा लागला तरी चालेल.

हत्तीवरून सल्ले सुरू झाले. शेजारचे शिवप्रकाश किराणावाले हे सल्ल्याच्या बाबतीत सढळ होते, उधारीच्या बाबतीत नव्हते. ते म्हणाले, "अप्पा, नुसत्या अआइईला कोण येतंय? कायतरी वाटा." वाटायला काही नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग बालाजीभाऊला बोलवा. न्हाई बोलवलं तर चिडून येतेत, बोलवलं तर उशिरा येतेत. उशिरा आलेले बरे." बालाजीभाऊ हे वॉर्डाचे पुढारी. कोणत्या पक्षाचे हे विचारायचं नसतं, कारण उत्तर बदलत असतं. महेश्वरीबाईंचा सल्ला सगळ्यात व्यवहारी होता: "आधी एखादा खरा डॉक्टर बघा. आरोग्य लिहिलंय ना तुमी?" तोही मिळाला. अप्पांच्या ओळखीतले एक भले डॉक्टर रविवारी येऊन पोरांचं वजन, डोळे, रक्त बघतो म्हणाले. जालन्याकडून येणार होते, दहाला पोचतो म्हणाले.

राहिला बॅनर. सभागृहासमोरच बुद्धभूषणचं फ्लेक्सचं दुकान होतं. अप्पांनी सुवाच्य अक्षरात मजकूर लिहून नेला: 'युवकांसाठी साक्षरता व आरोग्य वर्ग. भव्य उद्घाटन व मोफत तपासणी.' खाली एक ओळ अधोरेखित करून टाकली: 'यातील एकही अक्षर बदलू नये.'

"टाईप झाल्यावर मला दाखव," अप्पा म्हणाले.

"टाईप कोण करतंय आता अप्पा? मी वाचतो, मोबाईल लिव्हतो." त्यानं कागद डोळ्यांसमोर धरला, मोबाईल तोंडासमोर धरला आणि वाचायला लागला. तेवढ्यात बालाजीभाऊंचा फोन आला. फोटो कोणता टाकायचा, गॉगलवाला की बिनगॉगलचा, यावर वीस मिनिटं गेली. अप्पांना घरी नळ सोडायचा होता. ते निघाले.

शनिवारी दिवेलागणीला बॅनर चढला. अप्पा बघायला गेले आणि खालीच खिळले. गॉगलवाले भाऊ अर्धा बॅनर व्यापून हसत होते. त्यांच्याखाली त्यांचे दोन पुतणे, एक मेहुणा आणि एक माणूस ज्याला कुणीच ओळखत नव्हतं. आणि सगळ्यात खाली, बुद्धभूषणच्या दुकानाच्या मोबाईल नंबरला चिकटून, मुंगीएवढ्या अक्षरात: संयोजक, रा. म. हालगे. अख्खं नावसुद्धा नाही! कानाची पाळी तापली. तीन महिने उठाबशा कुणी काढायला लावल्या? उंदरांच्या लेंड्या कुणी झाडल्या? त्या 'रा. म.'कडं अप्पा दहा मिनिटं बघत उभे राहिले आणि बाकीचा बॅनर न वाचता घरी गेले. एकतीस वर्षांत न वाचता सोडलेला हा त्यांचा पहिला मजकूर.

रविवारी सकाळी आठला ते पोचले तेव्हा रांग मोंढ्याच्या कमानीपर्यंत गेली होती. अप्पांचं मन भरून आलं. माणसाला शिकायची अशी भूक असते, आणि आपण उगाच समाजाला नावं ठेवतो! मग ते जवळ गेले. रांगेत साठीच्या आतलं क्वचितच कुणी होतं. काठ्या होत्या, कानटोप्या होत्या, पिशव्यांतून जुने रिपोर्ट होते. सगळ्यांचे चेहरे उपाशी माणसांचे होते. वर्गातली पोरं रांग सांभाळत, खुर्च्या वाहत इकडून तिकडं पळत होती.

रांगेच्या तोंडाशी एक ठसठशीत कुंकवाची म्हातारी बसली होती. पाथरीहून पहाटेच्या जीपनं आलेय, नाव तानुबाई, असं तिनं विचारायच्या आत सांगितलं. शिवप्रकाशांनी बॅनरचा फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकला होता आणि तो रातोरात पाथरीपर्यंत पोचला होता.

"आजी, हा वर्ग तरुण पोरांसाठी आहे," अप्पा म्हणाले.

"मग म्हाताऱ्यायनं मरावं का? आमाला बी हायच की."

"काय आहे?"

"साखर!"

"आजी, हा साक्षरतेचा वर्ग आहे."

"त्याच्यासाठीच आलाव, बाबा. साखरतेसाठी. सकाळधरून च्या बी घेतला न्हाई."

"साखरता नाही! साक्षरता!"

"मी काय येगळं म्हणायले? ह्यायला ऐकायला कमी येतंय वाटतं," तानुबाईनं मागच्या बाईला सांगितलं. मागच्या बाईनं ते तिच्या मागच्या म्हाताऱ्याला सांगितलं. पाच मिनिटांत सगळ्या रांगेला कळलं की संयोजक बहिरे आहेत. त्यानंतर जो तो अप्पांशी ओरडून बोलायला लागला आणि अप्पाही ओरडून उत्तरं द्यायला लागले, त्यामुळं रांगेची खात्री पटली.

साडेनऊला डॉक्टरांचा फोन आला. गाडी देवगाव फाट्यावर पंक्चर झाली होती आणि स्टेपनीही पंक्चर निघाली होती. बाबू फाईल घेऊन आला, खुर्चीत बसला आणि मोजदाद करून म्हणाला, "लाभार्थ्याचं वय पंधरा ते पंचवीस लिव्हलंय तुमी. हे सगळे पंचवीसचे हायेत?" अप्पांनी बोट करून पोरं दाखवली. "ते तर खुर्च्या उचलायलेत," बाबू म्हणाला आणि त्यानं फाईलवर काहीतरी लिहिलं. अप्पांना ते उलटं दिसत होतं तरी त्यांनी वाचलं: 'युवक वर्ग: आढळला नाही.'

चावी गेली, हे त्यांना तिथंच कळलं. संघप्रियाची पाटी, तिचा दोनच महिन्यांत सुधारलेला हात, पट्टीवरचं देवनागरीतलं नाव मेट-फॉर्-मिन असं फोडून वाचताना घामेजणारा तिचा चेहरा, सगळं त्या एका ओळीखाली गेलं. अप्पांना इतका राग आला की त्यांना तो कुणावर काढावा हे पहिल्यांदाच सुचेना.

तेवढ्यात बालाजीभाऊ आले. गर्दी बघून भाऊंच्या गॉगलमागचे डोळे पाणावले असावेत, कारण त्यांनी गॉगल काढून पुसला. "अप्पा, तुमी तर कमाल केली! एवढी लोकं माझ्या सभेला बी येत न्हाईत." डॉक्टर नाहीत म्हटल्यावर ते जराही बिचकले नाहीत. "डॉक्टर काय करायचाय? गोळ्या आणल्यात मी. साखरेच्याच. वाटून टाकू." त्यांच्या माणसांनी दोन पाट्या आणल्या. पाट्यांत वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या. गर्दी मोठी आणि गोळ्या कमी, म्हणून माणसांनी सकाळपासून बसून पट्ट्या फोडल्या होत्या आणि सुट्या गोळ्या सगळ्यांना सारख्या वाटून पुड्या बांधल्या होत्या. समता म्हणतात ती हीच असावी. फोटोवाला सरसावला, पहिली पुडी तानुबाईच्या हातात गेली, दुसरी तिच्या मागं उभ्या असलेल्या सरजाबाईच्या.

"माय, थांब."

संघप्रिया दोन खुर्च्या तशाच हातात घेऊन आली. खुर्च्या खाली ठेवल्या आणि आईच्या हातातली पुडी उघडली. आत तीन गोळ्या होत्या, दोन पांढऱ्या आणि एक पिवळट.

"ह्याचं नाव काय?" तिनं भाऊंच्या माणसाला विचारलं.

"साखरेची गोळी."

"साखरेच्या पन्नास हायेत. नाव काय हिचं?" तिनं ओढणीच्या टोकाची पट्टी सोडून वर धरली. "ह्याच्यावर नाव हाय. मी वाचलंय. ह्याच्यावर कुठाय?"

बालाजीभाऊ प्रेमानं हसले. बॅनरवर हसत होते तसेच. "पोरी, फुकट द्यायलेत ते घे. माझ्यावर इस्वास न्हाई का?"

"तुमच्यावर हाय, भाऊ. गोळीवर न्हाई." मग तिचा आवाज चढला. "मागच्या बारीला रंगावर इस्वास ठेवला आन् माय मोंढ्यात पडली. तवा मला वाचता येत नव्हतं. आता येतंय, तर तुमी नावच फाडून टाकलंव? नाव लिव्हून द्या. मी वाचते, मग घेते."

रांगेत कागद उघडल्याचे आवाज यायला लागले. "माझ्यात तर दोन रंग हायेत," तानुबाई म्हणाली. कुणी म्हणालं, माझ्यात अर्धीच आहे. भाऊंचा माणूस म्हणाला, "कोणती बी घ्या, सगळ्या एकच हायेत."

इथं अप्पांना आपला राग सापडला.

"एकच आहेत?" ते इतक्या जोरात ओरडले की त्यांना बहिरं समजणारेही दचकले. "एकतीस वर्षं दस्त वाचले मी. नाव-गाव नसलेला कागद कधी टेबलावर घेतला नाही. दोन गुंठे जमिनीला चतुःसीमा लागते, आणि तुम्ही बिननावाची गोळी माणसाच्या पोटात नोंदवायला निघालात? अंगठा लावणारे लोक आहेत, त्यांना काय कळतंय, असंच ना? उचला त्या पाट्या! एकही पुडी इथं राहता कामा नये!"

पुड्या परत आल्या. कुणी पाटीत टाकल्या, कुणी भाऊंच्या माणसाच्या अंगावर. बालाजीभाऊंना अचानक जिंतूर रोडला एक लग्न आठवलं आणि ते पाट्या तिथंच टाकून लग्नाला गेले. बाबूनं मात्र खुर्ची सोडली नाही. त्याचा नाश्ता यायचा होता.

रान मोकळं झाल्यावर संघप्रियानं वर बघितलं. तीन महिन्यांत तिला दिसेल ते वाचायची खोड लागली होती. दुकानांच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, टेम्पोमागची शायरी. तिनं बॅनर वाचला, पुन्हा वाचला.

"सर, हे बी चुकलंय."

अप्पांनी वर बघितलं आणि पहिल्यांदाच बॅनर वाचला. भाऊंच्या गॉगलच्या वर, हातभर उंच लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'युवकांसाठी साखरता व आरोग्य वर्ग.'

कानाची पाळी किती लाल झाली ते सांगत नाही. अप्पा रस्ता ओलांडून बुद्धभूषणच्या दुकानात शिरले, मागं पंधरा पोरं, त्यांच्यामागं तानुबाईसह निम्मी रांग. भाषेचा खून, समाजद्रोह, आयुष्यभराच्या अब्रूचे धिंडवडे, असं सगळं अप्पा बोलले. बुद्धभूषणनं ते ऐकून घेतलं. मग गल्ल्याच्या खणातून कागद काढला आणि काउंटरवर ठेवला.

"अप्पा, एकही अक्षर बदलू नये, असं तुमीच लिव्हलंव. मी बदललं न्हाई."

अप्पांनी कागद हिसकावला आणि मोठ्यानं वाचला, "साक्षरता." मग पोरांपुढं धरला. "वाचा! तुम्हीच वाचा!"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मग पंधरा जणांनी एका सुरात वाचलं, अप्पांनीच शिकवलं होतं तसं, अक्षर तोडून: "सा. ख. र. ता."

"हा क्ष आहे!"

संघप्रिया हळूच म्हणाली, "सर, फळ्यावर बी तुमचा क्ष आसाच येतो. घाईत तुमी गाठ मारत न्हाईत. आमी भिंतीवरच्या तक्त्यात बगून शिकलाव. तुमाला राग येतो म्हणून कुणी बोललं न्हाई."

अप्पा काउंटरला धरून उभे राहिले. एकतीस वर्षं. तालुक्यातले किती लक्ष्मण त्यांनी लखमण करून ठेवले असतील? आणि एकानंही कधी सांगितलं नाही, कारण ज्यांचे ते दस्त होते ते अंगठा लावून निघून जायचे. राग तर आला होता, पण तो या खेपेला बाहेर जायला तयार नव्हता. तो आत बसला आणि दुखला.

डॉक्टर दुपारी एकला पोचले. पाट्यांत राहिलेल्या पुड्या बघून ते भाऊंच्या नावानं जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. रांगेतले निम्मे लोक थांबले होते. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, आणि ज्यांच्या पिशवीत आधीच्या पट्ट्या होत्या त्यांना वर्गातल्या पोरांनी त्या वाचून दाखवल्या, नाव आणि वेळ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिली. तानुबाईचा कागद संघप्रियानं लिहिला. तानुबाईला तो वाचता येत नव्हता, पण तिनं तो घडी घालून चोळीत ठेवला आणि म्हणाली, "नातवाकडून वाचून घेईन. चुकला तर तुज्याकडं येईन."

घरी महेश्वरीबाईंना सगळं आधीच कळलं होतं. त्यांनी जेवणाच्या ताटाशेजारी लाल पेन ठेवला होता. वाढताना म्हणाल्या, "आमटीत जिरं घातलंय. दुसरी वेलांटी घातली हाय, बगा बरं." अप्पांनी पेन बाजूला सारला आणि जेवण केलं.

आठ दिवसांनी कचेरीचं पत्र आलं. कायम परवानगी! बाबूनं फोटो बघून अहवाल केला होता, आणि फोटोत गर्दी होती, बॅनर होता, बाकी कशाशी, फाईलवरच्या 'आढळला नाही'शीसुद्धा, कचेरीला देणंघेणं नव्हतं. परवानगी मात्र बॅनरवरून जशीच्या तशी उतरवलेली: 'साखरता व आरोग्य वर्गास कायम मंजुरी.' वर्गाला चावी मिळाली होती, पण रजिस्टरला तो वर्ग साखरेचा होता. आणि रजिस्टरला जे असतं तेच खरं, हे अप्पांना चांगलंच माहीत होतं.

त्यांनी तातडीनं दुरुस्तीचा अर्ज लिहिला. एकच ओळ. 'मंजुरीपत्रात साखरता ऐवजी साक्षरता वाचावे, ही विनंती.' रांगेत तास काढला आणि बाबूपुढं ठेवला. बाबूनं अर्ज वाचला, परत वाचला आणि चष्मा काढला.

"साखरता ऐवजी साखरता वाचावे? अप्पा, तब्येत बरी हाय ना?"

अप्पांनी अर्ज उचलला, घडी केली आणि बाहेर पडले. ते सरळ सभागृहात गेले. उठाबशा चालू होत्या. त्यांनी संघप्रियाला बोलावून कोरा कागद पुढं ठेवला.

"तू लिही."

"मी? आर्ज?"

"माझ्या हातानं होत नाही," अप्पा म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

तिनं चार कागद फाडले. पाचव्यावर ओळ सरळ आली. क्ष काढताना तिनं जीभ दातांत धरली आणि गाठ अशी घट्ट मारली की कागदाला मागून खूण उमटली. दुसऱ्या दिवशी मिलमधून अर्धी सुट्टी घेऊन ती अप्पांबरोबर कचेरीत आली. बाबूनं नेहमीप्रमाणं मान वर केली नाही. अर्जावर वस्तीचं नाव बघितलं, आणि शाईचं पॅड टेबलावरून तिच्या पुढ्यात सरकवलं.

"अंगठा इथं."

अप्पांनी ते पॅड बघितलं. तो हात, ते सरकवणं, ते न बघणं, सगळं त्यांचंच होतं. समोरच्याला सही येते का, हे एकतीस वर्षांत त्यांनी किती जणांना विचारलं होतं? ते काही बोलायच्या आत संघप्रियानं पॅडचं झाकण लावलं.

"पेन द्या."

बाबूनं आता मान वर केली. टेबलाला बांधलेल्या पेनाची दोरी तोकडी होती, म्हणून तिनं कागदच पेनाजवळ नेला आणि सही केली: संघप्रिया सीताराम खिल्लारे. अख्खं नाव. मग कागद बाबूच्या पुढ्यात फिरवून ठेवला. बाबूनं चष्मा चढवला आणि अर्जावर बोट ठेवून हळूहळू वाचलं, "मंजुरीपत्रात... साखरता ऐवजी... साक्षरता वाचावे, ही विनंती."

"बरोबर वाचलं तुमी," संघप्रिया म्हणाली.